काढलेल्या नोकराचा हिशेब

शिकागोच्या उपनगरात माझ्या मामेभावाचे किराणामालाचे दुकान आहे. कामाला पाच माणसे. मागे मी त्याच्याकडे असताना राज्याच्या बेकारी विमा खात्याचे पत्र आले. गल्ल्यावर वारंवार चुकणाऱ्या एका मुलाला त्याने काढले होते. त्या मुलाने भत्त्यासाठी अर्ज केला होता आणि खाते मालकाचे म्हणणे विचारत होते. भाऊ चिडला. "काम जमलं नाही म्हणून काढलं, आणि भुर्दंड मीच भरायचा?"

या प्रश्नाचे मूळ शोधत मी शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यापर्यंत पोचलो. अमेरिकेतला पहिला बेकारी विमा कायदा तेथे जानेवारी १९३२ मध्ये, महामंदीच्या काळात झाला. त्यामागचा विचार अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स यांचा. तशी विधेयके १९२१ पासून येत होती. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यात मालक, कामगार आणि सरकार असे तिघेही वर्गणी भरत. कॉमन्स यांनी मात्र अपघात-भरपाईचा धडा घेतला. अपघाताचा खर्च अंगावर आला की मालक यंत्रे सुरक्षित करतो. तसा बेकारीचा खर्च अंगावर आला तर तो माणसे काढण्याआधी विचार करील. म्हणून वर्गणी मालकाची आणि प्रत्येक मालकाचे खातेही वेगळे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर दोन वर्षांत सर्व राज्यांनी बेकारी विमा स्वीकारला. ज्याच्या माणसांना भत्ता अधिक जातो त्याचा दर चढतो, हे तत्त्व आजही टिकून आहे.

पण ही कल्पना कारखान्यांकडे पाहून केलेली होती. १९३५ च्या कायद्याच्या कक्षेत आठ किंवा अधिक माणसांचे मालक होते. १९५६ पासून चार माणसांचे आले आणि १९७२ पासून एक नोकर असलेलाही आला. हजारांच्या कारखान्यात एक दावा बुडून जातो. पाचांच्या दुकानात तोच दर वर ढकलू शकतो.

मग चुकांचे काय? १९४१ मध्ये मिलवॉकीच्या बॉयन्टन कॅब कंपनीच्या खटल्यात विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने गैरवर्तनाची व्याख्या केली. मालकाच्या हिताकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष म्हणजे गैरवर्तन. कुवत कमी पडणे, एखाद्या वेळचा निष्काळजीपणा, सद्हेतूने झालेली चूक म्हणजे नव्हे. इतर अनेक राज्यांनी ही व्याख्या उचलली. म्हणजे काढण्याचा अधिकार आणि भत्ता नाकारण्याचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

यातच कायद्याची विसंगतीही आहे. कॉमन्सना बेकारी टाळायची होती. पुष्कळ मालक दावा टाळू लागले. मालकांच्या वतीने दावे लढवण्याचा एक धंदाच तेथे उभा राहिला.

भावाने कारणाच्या रकान्यात 'गैरवर्तन' लिहिले होते. मी त्याला टॅक्सी कंपनीचा खटला सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पोरगा प्रामाणिक होता रे. आकडेच जमत नव्हते." त्याने तो शब्द खोडला आणि 'हिशेबात चुका' असे लिहिले.

पुढे त्याचा दर वाढला. फोनवर तो आकडा सांगून त्याने शिव्या घातल्या, पण मुलाला नव्हे, कॉमन्सना.