बँडपासून कोडपर्यंत

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘स्लिप’ होतो तेव्हा इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचण्याआधीच क्लचच्या किंवा बँडच्या घर्षणात जिरते. इंजिनाचा आवाज चढतो, फेरे वाढतात, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही. १९४० च्या गाडीत हे लक्षण जसे दिसे तसेच ते आजही दिसते. कारण शोधायची जागा मात्र दर दशक-दोन दशकांनी बदलत गेली. जुन्या अमेरिकी गाडीत नंतरच्या काळातले इंजिन, कार्ब्युरेटर किंवा गिअरबॉक्स बसवला की हे वेगवेगळे काळ एकाच चौकटीत येतात आणि दोष बहुधा त्यांच्या सांध्यात दडलेला असतो.

सुरुवात जनरल मोटर्सच्या ‘हायड्रामॅटिक’ने झाली. कॅडिलॅकला १९२८ मध्ये सिंक्रोमेश गिअर देणारे अर्ल थॉम्प्सन यांच्या चमूने तो घडवला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांवर तो मिळू लागला. त्यात चार गिअर होते, पण टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, साधे फ्लुइड कपलिंग होते. दुसऱ्या महायुद्धात स्टुअर्ट आणि चॅफी रणगाड्यांच्या काही प्रकारांत कॅडिलॅकच्या जोडइंजिनांबरोबर हेच गिअरबॉक्स वापरले गेले.

हायड्रामॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअरचे दोन संच एकामागे एक होते आणि प्रत्येकाला एक बँड व एक क्लच होता. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना पुढच्या संचाचा क्लच सुटून बँड आवळला जाई आणि त्याच क्षणी मागच्या संचाचा बँड सुटून क्लच धरे. या चार हालचालींचा मेळ थोडाही चुकला तर मध्येच इंजिन मोकळे सुटून ओरडे. त्यामुळे त्या काळात स्लिपचे निदान म्हणजे मुख्यतः बँडच्या ताणाची तपासणी, आणि दुरुस्ती म्हणजे तो ताण पुन्हा बरोबर लावणे. कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये सुरू झालेल्या बी अँड एमसारख्या कंपन्यांनी हाच गिअरबॉक्स ड्रॅग रेसिंगसाठी तयार केला. शर्यतीच्या गाडीत क्लच घट्ट धरावा म्हणून तेलाचा दाब वाढवायचा, ही कल्पना अशाच कामातून रुळली.

ब्यूकच्या ‘डायनाफ्लो’ने १९४८ मध्ये आणि शेवरलेच्या दोन गिअरच्या ‘पॉवरग्लाइड’ने १९५० मध्ये टॉर्क कन्व्हर्टर सर्वसामान्य गाडीत आणला. कन्व्हर्टर तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देतो, त्यामुळे इंजिनाचे फेरे आणि गिअरबॉक्सकडे जाणारे फेरे यांत फरक पडणे हे त्याचे कामच आहे. आता दोषाची स्लिप आणि स्वाभाविक स्लिप वेगळी ओळखावी लागू लागली. त्यासाठी ‘स्टॉल टेस्ट’ कामी आली. ब्रेक घट्ट दाबून, गाडी ‘डी’मध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिन किती फेऱ्यांवर अडते ते पाहायचे. फेरे ठरावीक आकड्याच्या वर गेले तर क्लच किंवा बँड सुटतो आहे. खालीच अडकले तर इंजिन कमजोर आहे किंवा कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा एकदिशी क्लच बिघडला आहे. ही परीक्षा पाच सेकंदांपेक्षा जास्त चालवायची नसते, कारण तेवढ्यातच तेल झपाट्याने तापते. गाडीत मुद्दाम जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर बसवलेला असेल, तर कारखान्याच्या आकड्याशी तुलना करून चालत नाही.

क्रायस्लरचा ‘टॉर्कफ्लाइट’ (१९५६), जनरल मोटर्सचे ‘टर्बो ४००’ (१९६४) आणि ‘टर्बो ३५०’ (१९६९) या तीन गिअरच्या यंत्रांबरोबर तेलाच्या दाबाला मध्यवर्ती स्थान आले. चालक ॲक्सिलरेटर जितका दाबेल तितका क्लचवरचा दाब वाढला पाहिजे. टर्बोमध्ये ही खबर इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून दाब ठरवणाऱ्या मॉड्युलेटरला मिळे, तर टॉर्कफ्लाइटमध्ये कार्ब्युरेटरला जोडलेल्या लिंकेजवरून. मॉड्युलेटरचा पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्समधले तेल ओढून जाळते. धुराड्यातून पांढरा धूर येतो, तेलाची पातळी उतरते आणि मग स्लिप सुरू होते. टॉर्कफ्लाइटचे लिंकेज कार्ब्युरेटर बदलताना तसेच सोडून दिले तर दाब कमी राहतो आणि क्लच जळतात.

तेलाचाही स्वतंत्र इतिहास आहे. जनरल मोटर्सचे ‘टाइप ए’ १९४९ मध्ये आले आणि ‘डेक्सरॉन’ १९६७ मध्ये. सुरुवातीच्या तेलांत घर्षण सौम्य करण्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत या देवमाशाला संरक्षण मिळाल्यावर नवी रासायनिक मिश्रणे शोधावी लागली. फोर्डच्या ‘टाइप एफ’मध्ये असा सौम्यकारक घटक नव्हता. त्याच्यासाठी बनवलेल्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन ओतले तर गिअर सावकाश, लांबण लावत पडतात. म्हणून जुन्या गाडीत कोणते तेल आहे, हा प्रश्न नुसत्या पातळीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्यासाठी ओव्हरड्राइव्ह आला. १९८२ च्या ‘७००-आर४’मध्ये पहिला गिअर ३.०६ आणि चौथा ०.७० प्रमाणाचा होता. जुन्या शेवरलेंमध्ये तो हौसेने बसवला जाऊ लागला आणि त्याबरोबर एक नवी व्याधी आली. या गिअरबॉक्समध्ये दाबाची सूचना ‘टीव्ही’ म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल देते. मूळ कार्ब्युरेटरऐवजी दुसरा बसवला की केबल ज्या लिव्हरला अडकते त्याची लांबी आणि कोन बदलतो. केबल कमी ओढली गेली तर भार वाढूनही दाब वाढत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच सर्वांत आधी जळतो. नवा क्लच बसवून केबल तशीच ठेवली तर तोही जळतो. कन्व्हर्टरच्या लॉकअपची तार जोडायची राहिली, तर ओव्हरड्राइव्हमध्ये कन्व्हर्टर सतत घसरत तेल तापवतो. क्लचचा दोष नसताना तो असल्याचा भास होतो.

१९९३ च्या सुमारास ‘४एल६०-ई’ने केबल काढून टाकली आणि दाब ठरवण्याचे काम संगणकाकडे दिले. १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी-२ ही गाडीतली दोषनिदान प्रणाली सक्तीची झाली. आता आत जाणारे आणि बाहेर पडणारे फेरे मोजून संगणकच स्लिप ओळखतो. त्याने दिलेला पी०७३० हा कोड म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही. याच गिअरबॉक्सवरचा कुप्रसिद्ध पी१८७० म्हणजे आतला भाग घसरतो आहे. त्यामागे बहुधा व्हॉल्व्ह बॉडीतला झिजलेला बोअर असतो. असा गिअरबॉक्स स्वतंत्र कंट्रोलर लावून १९५५ च्या गाडीत बसवला तर थ्रॉटलच्या स्थितीचा सिग्नल चुकीचा येऊ शकतो. जुन्या केबलचाच दोष तेव्हा विजेच्या रूपात परततो.

या सगळ्यातून निदानाचा क्रम ठरला. आधी तेलाची पातळी, रंग आणि वास; टॉर्कफ्लाइटमध्ये पातळी न्यूट्रलमध्ये पाहायची असते, कारण पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे तेल जात नाही. मग लिंकेज, केबल, व्हॅक्यूमची नळी किंवा सिग्नल. त्यानंतर गेज लावून दाब. दाब बरोबर असूनही स्लिप होत असेल तर कोणत्या गिअरमध्ये होते ते पाहायचे. टर्बो ४०० मध्ये तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही सुटत असतील तर संशय डायरेक्ट क्लचवर जातो, कारण तोच दोन्हीकडे लागतो. ‘डी’मधला पहिला गिअर सुटतो पण हाताने ‘लो’ निवडल्यावर धरतो, तर दोष एकदिशी रोलर क्लचचा असतो, कारण ‘लो’मध्ये मागचा बँड मदतीला येतो. शेवटी पॅन उघडायची. तळाशी काळा गाळ आणि क्लचच्या अस्तराचे तुकडे सापडले तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पॅन स्वच्छ असेल, तर दोष अजूनही बाहेरच्या जोडणीत किंवा व्हॉल्व्ह बॉडीत असण्याची शक्यता उरते.