झिजलेल्या जमिनीचा जन्मदाखला

‘रिफ्ट व्हॅली’ हा शब्द जगात रूढ झाला तो जॉन वॉल्टर ग्रेगरी या ब्रिटिश भूवैज्ञानिकामुळे. १८९३ मध्ये तो केनियातल्या बारिंगो सरोवरापर्यंत गेला आणि १८९६ च्या पुस्तकात त्याने मांडलं, की ही दरी नदीने कोरलेली नाही. दोन्ही बाजूंना भेगा पडून मधली जमीन खाली गेली आहे. आपला ‘खचदरी’ हा शब्द हे सगळं एका क्रियापदात सांगून मोकळा होतो.

पण दरीच्या दोन्ही अंगांना जी झिजून सपाट झालेली जुनी जमीन आहे, ती कधीची? इथे खरी पंचाईत. खडकाचं वय काढता येतं. झीज म्हणजे तर जे उरलंच नाही ते. लेस्टर किंगसारख्या अभ्यासकांनी उंची आणि रूप पाहून आफ्रिकाभरच्या सपाट्यांची कुळी जुळवली. कल्पना भव्य, पण जी जमीन स्वतःच उचलली गेली नि तुटली, तिथे उंचीची साक्ष कितपत धरायची?

भरवशाची साक्ष दिली लाव्हाने. वितळलेल्या खडकातला अरगॉन वायू निसटून जातो. खडक थिजला की पोटॅशियमपासून तो नव्याने साठू लागतो. घड्याळ शून्यावरून सुरू. लाव्हा ज्या जमिनीवर पसरला, ती त्याच्याहून जुनी असणारच.

केनियातलं याट्टा पठार हा याचा देखणा पुरावा. १.३५ कोटी वर्षांपूर्वी एका नदीच्या खोऱ्यातून लाव्हा सुमारे ३०० किलोमीटर वाहत गेला. पुढे आजूबाजूची जमीन झिजली, कठीण लाव्हा टिकला, आणि जे खोरं होतं तेच आज पठार होऊन उभं आहे. लाव्हाच्या तळापासून खालच्या मैदानापर्यंतची उंची मोजा, तेवढी माती तेव्हापासून गेली. इतक्या लांब वाहायला लागणाऱ्या उतारावरून संशोधकांनी काढलं, की उगमाकडची जमीन तेव्हाच १,४०० मीटर तरी उंच असावी.

मग ती उचलली केव्हा? दुसरा साक्षीदार आहे देवमासा. केनियातल्याच तुर्काना भागात १९६४ मध्ये सापडलेला त्याचा जीवाश्म मधली कित्येक वर्षं चक्क हरवला होता. वय सुमारे १.७ कोटी वर्षं. नदीतून वाट चुकून आत शिरलेला तो देवमासा जवळजवळ समुद्रसपाटीच्या जमिनीवर मेला. ती जागा आज किनाऱ्यापासून ७४० किलोमीटर आत आणि सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे जमीन उचलायला लागली ती या देवमाशानंतर आणि याट्टाच्या लाव्हाआधी.