साष्टीतले धर्मग्राम आणि लोकभाषेचा प्रश्न

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) कॅथलिक उपासनेची दारे लोकभाषांना उघडून दिली, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते की त्यातील 'लोक' कोणते, हे विचारायचे राहूनच जाते. निदान मुंबईच्या उपनगरांपुरते तरी ते विचारले पाहिजे. अंधेरी, मरोळ, बोरिवली या भागांतील जुन्या धर्मग्रामांची (एका चर्चच्या कक्षेतील वस्तीला मराठी कॅथलिक हाच शब्द वापरतात) मूळची माणसे म्हणजे ईस्ट इंडियन. भात पिकवणारी, मासे धरणारी, मिठागरांवर राबणारी आणि घरात मराठीचीच एक बोली बोलणारी. परिषदेनंतर लॅटिन गेली आणि तिच्या जागी त्यांच्या चर्चमध्ये आली ती बहुतांशी इंग्रजी. धर्मग्रामाच्या नूतनीकरणातली ही विसंगती कुणा एका धर्माधिकाऱ्याच्या निर्णयातून आलेली नाही. तिची मुळे पुष्कळ मागे जातात.

हे धर्मग्राम कधी स्थिर होते, असेही समजण्याचे कारण नाही. कोंडिविट्याचे संत योहान बाप्तिस्ताचे चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा साष्टीतले युरोपीय संन्यासी निघून गेले आणि चर्चचा सांभाळ गोव्याच्या व स्थानिक धर्मगुरूंवर आला. पुढे १८४० मध्ये साथीच्या रोगाने कोंडिविट्याची वस्तीच उठली. माणसे मरोळला गेली आणि जाताना मूर्ती व बाप्तिस्म्याचे कुंडसुद्धा घेऊन गेली. नवे चर्च तिथे उभे राहिले. इमारत मागे राहिली, धर्मग्राम चालत पुढे गेला. ते पडके चर्च आज सीप्झच्या कुंपणाआड आहे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते.

या सर्व काळात मिस्सा लॅटिनमध्येच होत असे, पण तिच्याभोवतीची भक्ती मात्र लॅटिन नव्हती. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. ते मात्र गोव्याच्या साष्टीतले. आपल्या साष्टीच्या बाजूला, उत्तर कोकणात, फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर ओवीबद्ध पुराण रचले. ते १६५९ मध्ये लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावे लागले. दोनशे वर्षांनी एखादे पुस्तक पुन्हा छापावे लागते, याचा अर्थ ते वापरात होते. आमच्या वाङ्मयेतिहासांनी या पुराणाची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली नाही. हा दोष ख्रिस्ती समाजाचा नव्हे, मराठीच्या प्राध्यापकांचा. मुद्दा एवढाच, की परिषदेच्या तीनशे वर्षे आधी लोकभाषा धर्मग्रामात आलेली होती. ती वेदीपर्यंत पोहोचलेली नव्हती, इतकेच.

मग वेदीचा मार्ग मोकळा झाला तेव्हा ती मागे का पडली? उत्तराचा एक धागा १८८७ मध्ये सापडतो. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव अधिकृतपणे घेतले आणि आपली संस्था स्थापन केली. तोवर त्यांनाही 'पोर्तुगीज' म्हटले जाई आणि गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांनाही. आपण कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे नोकऱ्या देणाऱ्या राज्यकर्त्यांना सांगणे निकडीचे होते. नाव पोटासाठी घेतले गेले, यात हिणवण्यासारखे काही नाही. पण नावाबरोबर एक दिशाही आली. धर्मग्रामाच्या शाळा इंग्रजी झाल्या. बोली स्वयंपाकघरात, लग्नाच्या गाण्यांत आणि शेतात राहिली. शिक्षण व प्रतिष्ठा इंग्रजीकडे गेली.

दुसरा धागा सत्तेचा. साष्टीतील चर्च १९२८ पर्यंत पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे दमणच्या बिशपांच्या अधिकारात होती. मुंबई बेटावर मात्र रोमने नेमलेल्यांचा अधिकारही होता, आणि दोन्ही पक्षांतले भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९२८ च्या कराराने दमणचा धर्मप्रांत मुंबईत विलीन झाला, पण तोडगा असा निघाला की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा! या व्यवस्थेचा शेवट ज्या रीतीने झाला ती मला फार उमदी वाटते. १९३७ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स यांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांना साहाय्यक बिशप करून घेतले आणि कारभार त्यांच्या हाती ठेवून स्वतः मुंबई सोडली. राजीनामा १९५० मध्ये मंजूर झाला. ग्रेशियस आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. सत्तेचे देशीकरण असे भाषेच्या देशीकरणाआधी झाले.

१९६४ च्या डिसेंबरात सहावे पॉल युखॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले. भारतात आलेले ते पहिले पोप. अन्य धर्मीयांपुढील भाषणात त्यांनी उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. लोकभाषेतील नवी उपासना पुढच्याच वर्षी रूढ होऊ लागली. १९६९ मध्ये मांडी घालून बसणे, हात जोडणे, आरती अशा बारा भारतीय पद्धतींना रोमने मान्यता दिली आणि त्यांना कॅथलिकांतूनच विरोधही झाला. पण तोवर उपनगरांतले धर्मग्राम एकभाषिक राहिलेले नव्हते. गोव्याचे कोंकणीभाषक, मंगळूरचे, केरळचे, तमिळ असे सगळे एका बाकावर बसत होते. अशा ठिकाणी प्रमुख धर्मगुरूने कोणती भाषा निवडावी? इंग्रजी कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांना चालली. त्या धर्मगुरूला दोष देणे मला जमत नाही. पण हेही खरे की या तडजोडीत बाकीच्यांची भाषा दूरच्या गावी शाबूत होती, आणि ईस्ट इंडियनांचे गाव तर हेच होते.

वसईशी तुलना केली की हे अधिक उघड होते. तिथे शेती टिकली, मराठी शाळा टिकल्या, धर्मग्राम बव्हंशी स्थानिकांचाच राहिला. म्हणून तिथे मराठी मिस्सा, 'सुवार्ता' मासिक, आणि २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यामुळे मुंबईच्या महाधर्मप्रांतातला मराठी आवाज आणखी क्षीण झाला. तो मुख्यतः गोराई, मनोरी, उत्तन अशा किनारी गावांत उरला.

१९७८ मध्ये ग्रेशियस यांच्यानंतर आर्चबिशप झालेले सायमन पिमेंटा हे मरोळचेच. त्यांच्या काळात, १९८० च्या दशकात, धर्मग्रामांची लहान ख्रिस्ती समूहांत विभागणी सुरू झाली. शेजारच्या तीसचाळीस घरांनी आळीपाळीने एकमेकांकडे जमावे, बायबल वाचावे, आजारी-अडलेल्यांची विचारपूस करावी, आणि हे सारे धर्मगुरूची वाट न पाहता सामान्य स्त्रीपुरुषांनी चालवावे, अशी ती कल्पना. व्यवस्थापनाच्या भाषेत तिचे पुष्कळ कौतुक झाले आहे. मला तिच्यात गावठणातल्या क्रुसापाशी जमून प्रार्थना करण्याच्या जुन्या रीतीचे रूप दिसते; तीही कुणा धर्मगुरूवाचून चाले. फरक असा की गावठणात शेजारी आणि नातेवाईक एकच असत, इमारतीत तसे नसते. एक मात्र झाले. रविवारच्या मिस्सेची भाषा वेळापत्रकाने ठरते, पण घरातल्या बैठकीची भाषा बसलेली माणसे ठरवतात. जिथे दहा म्हाताऱ्या ईस्ट इंडियन बायका एकत्र बसतात, तिथे वाचन इंग्रजीत होते आणि त्यावरचे बोलणे बोलीत.