आकाशातली भोकं

मंडळी, वैशाखात जेवणं आटोपून अंगणात बाज टाकली, की आग्नेयेला तांबूस ज्येष्ठा दिसते. तिच्या जवळपास आकाशाचा एक तुकडा अगदी काळा आहे. चांदणीच नाही म्हणा ना! विल्यम हर्शेल यांनी १७८५ साली लिहिलं, की वृश्चिकाच्या अंगात आकाशाला भोक पडलं आहे.

पुढे शंभरेक वर्षांनी या भोकांचे फोटो घेतले ते अमेरिकेच्या एडवर्ड बर्नार्ड यांनी. यांची शाळा जेमतेम दोन महिन्यांची. नऊ वर्षांचे व्हायच्या आतच पोटासाठी नॅशव्हिलच्या एका फोटोवाल्याकडे कामाला लागले. तिथं मोठे फोटो उन्हावर उठवीत. त्या अवजड यंत्राचं तोंड दिवसभर सूर्याकडे फिरवीत राहायचं, एवढंच पोराचं काम. पण तीच सवय जन्मभर कामी आली! कारण ताऱ्यांचा फोटो एका क्षणात निघत नाही. काच तासन्‌तास उघडी ठेवायची, आणि आकाश तर सारखं सरकतं आहे. म्हणून दुर्बिणीला डोळा लावून एकच तारा धरून बसायचं. जरा चुकलं, की ठिपक्याची रेघ होते.

बर्नार्डही आधी हर्शेल यांच्यासारखंच म्हणत, की ही भोकं आहेत. मग १९१३ च्या उन्हाळ्यात एका निरभ्र रात्री, धनु राशीच्या चांदण्यांवरून कापसाच्या पुंजक्यांएवढे ढग जाताना त्यांनी पाहिले. ते चक्क काळे दिसत होते, हुबेहूब त्या भोकांसारखे! आपला समज चुकला होता, हे त्यांनी पुढे छापून कबूल केलं. मला तर शोधाइतकंच हेही मोठं वाटतं. १९१९ साली त्यांनी अशा १८२ काळ्या जागांची यादी दिली.

तर तिथं पोकळी नसून वायू आणि बारीक धूळ आहे. धुळीमुळे मागचा उजेड अडतो, आतला वायू अतिशय थंड राहतो, आपल्याच भारानं आकसतो आणि त्यातून तारा जन्मतो. अवरक्त किरण मात्र या धुळीतून पार होतात. ते टिपणाऱ्या वेब दुर्बिणीनं २०२३ साली ज्येष्ठेजवळच्या याच मेघाचा फोटो घेतला. अंतर ३९० प्रकाशवर्षं. त्या एवढ्याशा चित्रात सुमारे ५० तरुण तारे निघाले. काहींच्या भोवती तर धुळीच्या चकत्यांची सावली दिसते; तिथं ग्रह घडत असावेत.