फणीचे सव्वीस दात नाहीत, वीसच

कंगवा आणि फणी यांतला फरक शाळकरी मुलीच्या घरात कोणालाही विचारावा. कंगवा केस विंचरायला, फणी उवा-लिखा काढायला. ही फणी किती जुनी असेल?

इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक फणी मिळाली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. एका बाजूला सहा जाड दात गुंता सोडवायला, दुसरीकडे चौदा बारीक दात उवांसाठी. म्हणजे एकूण वीस. सगळे दात मोडून नुसती बुडखे उरलेली, पण एकाच्या बुडाशी उवेच्या पिलाच्या कवचाचे अंश सापडले! फणीवर सतरा अक्षरे कोरली आहेत. त्यांचे वाचन २०२२ साली प्रसिद्ध झाले. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दाताने निघोत, असा त्याचा आशय. अक्षरांच्या वळणावरून ही फणी इ.स.पू. १७०० च्या सुमाराची मानतात. कनानी वर्णमालेतले आजवर मिळालेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य. त्यात ना राजाची स्तुती, ना देवाची. कनानमध्ये तेव्हा हत्ती नव्हते, त्यामुळे हस्तिदंत बाहेरून आणलेला. म्हणजे उवा श्रीमंताच्या डोक्यात होत्या.

तरीही वर्गात एखादीच्या डोक्यात ऊ दिसली की आपण तिला बाजूला बसवतो. ही भीती खरे तर दुसऱ्याच उवेची. ट्युनिसच्या इस्पितळात शार्ल निकोल यांनी पाहिले, की टायफसचे (टायफॉइड नव्हे) रुग्ण दाराबाहेर इतरांना रोग देत. कपडे उतरवून, आंघोळ घालून आत घेतले की रोग पसरत नसे. म्हणजे गुन्हेगार कपड्यांत होता. १९०९ साली त्यांनी माकडांवर प्रयोग करून अंगावरच्या, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवेवर बोट ठेवले. त्यासाठी १९२८ चे नोबेल मिळाले. डोक्यातली ऊ तिची सख्खी बहीण, पण टायफसच्या साथी तिने पसरवलेल्या नाहीत.

१९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये लोकांच्या कपड्यांत डीडीटीची भुकटी फवारून टायफसची साथ आवरली. फणीचे दिवस संपले असेच तेव्हा वाटले असेल. पण १९५१ मध्येच कोरियात डीडीटीला न जुमानणाऱ्या उवा आढळल्या. पुढच्या औषधांचेही अनेक ठिकाणी तेच झाले.

फणीला मात्र उवा सरावत नाहीत. लीख फुटायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून ओल्या केसांतून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे फणी फिरवावी लागते, आणि तीही घरातल्या सगळ्यांच्या डोक्यांतून, एकाच दिवशी सुरू करून.