वैमानिकांची हरकत

सीबीडी बेलापूरजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला विमाने उडू लागली. त्यानिमित्त आपण एक जुना वाद आठवू.

उंचीबरोबर प्रारण वाढते, हे व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून जाऊन मोजले. विमानात विश्वकिरणांची मात्रा तासाला ३ ते ५ मायक्रोसीव्हर्ट भरते. क्ष-किरणांच्या अंगतपासणीत ती फार तर ०.१, म्हणजे एक-दोन मिनिटांच्या उड्डाणाइतकी! तरीही २०१० मध्ये अमेरिकी वैमानिकांच्या संघटनांनी या तपासणीला हरकत घेतली.

ती अनाठायी होती का? आम्हांला तसे वाटत नाही. ज्यांना कामातच जास्त मात्रा सोसावी लागते, त्यांना टाळता येणारी भर कशाला? २०१३ मध्ये तेथील विमानतळांवरून ही यंत्रे गेली. मिलिमीटर तरंगांची यंत्रे राहिली. हे तरंग आयनीभवन करीत नाहीत.