पहिली पार्वती आणि पुन्हा साळुंके

पडद्यावर बाईची भूमिका बाईनेच करायची, ही रीत कधी पडली? ठरलेले उत्तर १९१३ सालचे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना तारामती मिळेना, नाचगाणे करणाऱ्या बायकांनीही नाही म्हटले, शेवटी ग्रँट रोडच्या खाणावळीत राबणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम तेरा वर्षांची लेक कमळा मोहिनी. पहिलेपणाचा मान मायलेकींचाच. पण घटना पहिली घडली म्हणून रीत तिथूनच सुरू झाली, हे मला पटत नाही. चार वर्षांनी, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये फाळक्यांची सीता पुन्हा साळुंकेच होते, आणि रामही तेच! चित्र तुफान चालले. ज्या प्रेक्षकाने बालगंधर्वांची भामिनी डोक्यावर घेतली, त्याला ही सीता खटकावी तरी का? पुढच्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. थोडक्यात, कोणी कोणाचे सोंग घ्यावे याला अजून नियमच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, बायका मिळतच नव्हत्या, त्याला फाळके काय करणार? खरे आहे, पण मग या दोघी मिळाल्या कशा, तेही पाहावे. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई मुलीला घेऊन आधीच नाटक मंडळीत आल्या होत्या. लोकनिंदेची किंमत रंगभूमीवर पाऊल टाकतानाच चुकती झाली होती; कॅमेऱ्यासमोर उभे राहिल्याने त्यात नवी भर ती काय पडणार? चित्रपटाने त्यांना घडवले नाही, नाटकाकडून उसने घेतले आणि परत केले. कमळा पुढे रघुनाथराव गोखल्यांशी लग्न करून कमलाबाई गोखले झाल्या, नाटकातच नावारूपाला आल्या आणि चित्रपटांकडे पुन्हा वळल्या त्या थेट १९३० नंतर.

मला रीतीचे मूळ दिसते ते कोल्हापुरात. १९२० मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाईंना घेतले आणि त्यांची नावे कमलादेवी व सुशीलादेवी अशी ठेवली. दोघी समाजातून तुटल्या, स्टुडिओच्या आवारातच राहू लागल्या. पडद्यासाठी वेगळे नाव, वेगळा मुक्काम: ही उसनवारी नव्हे, हा पेशा झाला. मग मुंबईत टेलिफोन ऑपरेटर असलेल्या रुबी मायर्स ‘सुलोचना’ होऊन आल्या. ‘लंकादहन’ला दहा वर्षे होत होती, तेव्हा १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये या बाईने एकटीने आठ सोंगे वठवली. त्यांत एक पोलीस शिपाईही होता.